धुराचा ठावठिकाणा

फाल्गुन सरू लागला की सोमेश्वरनगरच्या परिसरात गाळपाचा हंगाम आवरत येतो. कारखान्यापुढील गाड्यांची रांग आखूड होते, तोडणीच्या टोळ्या परतीची बांधाबांध करू लागतात, आणि वसंतातल्या व्याख्यानांचे दिवस येतात. या दिवसांत नीरा–बारामती रस्त्याने संध्याकाळी जाणाऱ्यास दोन प्रकारचे धूर दिसतात. एक कारखान्याच्या धुराड्याचा. तो सरळ वर चढतो, आणि त्याचा मालक कोण हे कोणास विचारावे लागत नाही. दुसरा उसाच्या रानातला. तोडणी झालेल्या फडातले पाचट कोणीतरी पेटवलेले असते. घटकाभर जाळ दिसतो, करड्या धुराचा पट्टा कालव्यावर पसरतो, आणि रात्र पडेपर्यंत मागे काळी राख तेवढी उरते. याखेरीज तिसरा एक धूर आहे, तो डोळ्यांस दिसतच नाही. त्याची गोष्ट पुढे येईल. या तिन्हींचा ठावठिकाणा कसा लावावा, हा आजचा आमचा विषय आहे. ज्या शास्त्राच्या आधाराने तो लावता येतो त्यास स्थलीय संख्याशास्त्र म्हणतात. ‘किती?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोठे?’ हा प्रश्न विचारणारे संख्याशास्त्र, एवढाच त्याचा अर्थ.

येथे श्रोत्यांपैकी कोणी एक रास्त शंका घेईल. कार्बन डायऑक्साइड, ज्यास आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू, तो एकदा हवेत गेला की साऱ्या पृथ्वीभर मिसळतो. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी तो मोजण्यास आरंभ केला, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेलेले आढळले. त्या वाढीत सोमेश्वरनगरचा कण कोणता आणि शिकागोचा कोणता, हे कोण सांगणार? मग धूर कोणत्या शिवारातून निघाला याची उठाठेव कशासाठी?

उत्तर असे की हवा सर्वांची असली तरी काडी कोणाच्या तरी हातातली असते. तापणाऱ्या हवेस ठिकाण नाही, परंतु तिला तापवणाऱ्या कृतीस ठिकाण आहे, कारण आहे, आणि उपाय झालाच तर तोही त्या ठिकाणीच व्हायचा आहे. महाराष्ट्राच्या एकूण उत्सर्जनाचा एक मोठा आकडा छापला म्हणून कोणत्याही गावात काही बदलत नाही. तो आकडा जागेवर उतरवला, म्हणजे मगच तो कामाचा होतो. मात्र तो उतरवताना चुकला तर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो, आणि उपायाचा पैसा भलतीकडे खर्च होतो. म्हणूनच हे शास्त्र केवळ विद्वानांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम धुराचे आकार पाहू. नकाशावर काही धूर बिंदूसारखे असतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, हे सारे कारखाने असे बिंदू होत. काही रेषेसारखे असतात: ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा धूर रस्त्याच्या रेषेवर सांडतो, आणि एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. काही क्षेत्रासारखे असतात. त्यांत हजारो रानांतून थोडे थोडे निघालेले येते. बिंदू मोजणे सोपे, रेषा मोजणे त्याहून अवघड, आणि क्षेत्र मोजणे सर्वांत अवघड. परिणामी जे मोजण्यास सोपे तेच दोषी ठरण्याचा धोका असतो. धुराडे उंच असते म्हणून बोट त्याच्याकडे जाते. वस्तुतः बॉयलरमध्ये उसाचाच भुसा जळतो, आणि त्यातला कर्ब गेल्या वर्ष-दीड वर्षात त्याच उसाने हवेतून घेतलेला असतो; म्हणून जागतिक हिशेबात तो नव्याने जमेस धरीत नाहीत. भुशावर वीज करून ती जाळ्यात दिली तर तितका कोळसा वाचतोही.

आणखी एक गुंता आहे. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालला की पावणेचार युनिटांच्या आसपास वीज लागते. देशाच्या वीजजाळ्यात दर युनिटामागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे पंपाच्या एका तासास अडीच किलोंहून थोडे अधिक. पण तो पंपापाशी निघत नाही. तो चंद्रपूरसारख्या ठिकाणी, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात निघतो. धुराच्या नकाशावर आपली विहीर कोरी आणि चंद्रपूर काळे. वापराचा नकाशा काढला तर चंद्रपूरचा बराचसा काळा रंग आपल्या शिवारात येऊन पडेल. दोन्ही नकाशे खरे आहेत. मात्र आपण कोणता पाहत आहोत हे सांगितल्यावाचून पाहू नये.

आता न दिसणाऱ्या धुराकडे येऊ. त्यासाठी एका एकराचा हिशेब मांडू. एकरी तीन टन पाचट निघाले आणि ते पेटवले असे धरा. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने २००६ साली हिशेबाचे जे कोष्टक दिले, त्याप्रमाणे त्यातले आठ-दशांश जळते. म्हणजे २४०० किलो. कर्बवायू सोडून देऊ, कारण तो पुढच्या उसात परत येतो. परंतु अर्धवट जळण्याने सुमारे साडेसहा किलो मिथेन आणि पावशेराहूनही कमी, सुमारे १७० ग्रॅम, नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांचा विचार केला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कर्बवायूइतकी आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलो कर्बवायूइतकी उष्णता धरून ठेवतो. बेरीज होते २२० किलोंच्या घरात.

त्याच एकरात सुरू उसास शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्र दिले जाते. या नत्रापैकी थोडा अंश जमिनीतले जंतू नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. त्यास ना वास, ना रंग. समितीच्या २००६ च्या कोष्टकात हा अंश शेकडा १ धरला आहे. त्याप्रमाणे हिशेब केला तर उत्तर येते सुमारे ४३० किलो कर्बवायूइतके. ज्या पाचटाच्या जाळाने सारे गाव धुरकटते त्याच्या जवळजवळ दुप्पट हा न दिसणारा धूर भरतो! यावरून पाचट पेटवणे निर्दोष ठरते, असे मात्र कोणी समजू नये. त्या जाळात जमिनीचे सेंद्रिय द्रव्य जाते, जिवाणू जातात, आणि धूर माणसांच्या छातीत जातो. आम्हांस दाखवायचे ते एवढेच की डोळा हा चांगला मापारी नव्हे.

पण खरी मौज पुढेच आहे. २०१९ साली समितीने हे कोष्टक सुधारले आणि रासायनिक खतासाठी ओल्या हवामानास शेकडा १.६, कोरड्यास शेकडा ०.५ असे दोन अंश दिले. उष्ण प्रदेशात वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटरांच्या वर असला की ते ओले, नसला की कोरडे. बारामती पर्जन्यछायेतले गाव. पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे कोरडे. मग आपले ४३० चे उत्तर उतरून २१५ वर येते, आणि खताचा अदृश्य धूर व पाचटाचा दृश्य धूर बरोबरीचे होतात. परंतु एकोणिसाव्या शतकापासून नीरेचा डावा कालवा या भूमीवरून वाहत आहे. वर्षभर पाटपाण्याखाली असलेल्या उसाच्या रानास कोरडे कसे म्हणावे? ते ओल्यात धरले तर उत्तर ६९० च्या जवळ जाते. शेतकरी तोच, पोती तीच, रान तेच. केवळ नकाशावरच्या कोणत्या चौकटीत ते टाकले यावर उत्तर तिपटीहून अधिक बदलते. ‘कोठे?’ हा प्रश्न किती वजनदार आहे, हे यावरून ध्यानात यावे. पावसाच्या नकाशावर कालव्याचा नकाशा ठेवल्यावाचून हा हिशेब पुराच होत नाही.

हा विचार या मातीला नवा नाही. नीरेपलीकडे पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले, आणि त्याच दशकात नीरेच्या उजव्या कालव्याखालील जमिनींची प्रकारवार पाहणी झाली. कोणत्या मातीला किती पाणी सोसते आणि कोणती चोपण होईल, हे जागेनुसार पाहावे लागते, ही जाण तेव्हापासूनची आहे. तीच दृष्टी आता हवेच्या बाबतीत लावायची आहे.

आता या शास्त्राच्या गाभ्याकडे वळू. कालव्याच्या काठी एकामागून एक अशी आठ गावे आहेत असे मनाने धरा. ही गावे आणि त्यांचे आकडे केवळ उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत. चार गावांत तोडलेल्या दर १०० एकरांपैकी ४० एकरांत पाचट पेटवले जाते, चार गावांत २० एकरांत. सरासरी ३०. आता पहिला प्रकार: वरची चारही गावे ४० ची, खालची चारही २० ची. दुसरा प्रकार: ४०, २०, ४०, २० अशी आळीपाळीने. सरासरी दोन्हीकडे तीच, कमीजास्तपणा तोच. साधे संख्याशास्त्र म्हणेल, दोन्ही प्रकार एकच. पण खेड्यातला कोणताही मनुष्य म्हणेल की दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर आकड्यात धरण्याची युक्ती पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली मांडली. ती शाळकरी गणिताची आहे. प्रत्येक गाव सरासरीहून किती वर किंवा खाली ते लिहा; येथे अधिक १० किंवा उणे १०. शेजारच्या दोन गावांचे हे आकडे परस्परांशी गुणा. दोन्ही वर किंवा दोन्ही खाली असतील तर गुणाकार अधिक १००, विरुद्ध असतील तर उणे १००. आठ गावांत शेजारच्या सात जोड्या होतात. पहिल्या प्रकारात सहा जोड्या अधिक, एक उणे; बेरीज ५००, तिची सरासरी सुमारे ७१. एकूण कमीजास्तपणाच्या मापाने, म्हणजे १०० ने, भागले की ०.७१. दुसऱ्या प्रकारात सातही जोड्या उणे. उत्तर उणे १. हाच मोरानचा निर्देशांक. तो शून्याच्या बराच वर असला तर सारखे सारख्याजवळ आहे. बराच खाली असला तर शेजारी शेजाऱ्याच्या उलट आहे. शून्याच्या आसपास असला तर मांडणीला काही ढब नाही.

पण ०.७१ हा योगायोगही असू शकेल. ते पारखण्याची रीतही घरगुती आहे. आठ चिठ्ठ्या करा, चारांवर ४० आणि चारांवर २० लिहा, आणि डोळे मिटून गावांवर वाटा. वेगवेगळ्या मांडण्या होतात एकूण ७०. त्यांपैकी ०.७१ इतके उत्तर देणाऱ्या मांडण्या फक्त २: सारे ४० वर, किंवा सारे ४० खाली. सत्तरात दोन, म्हणजे शेकडा तीनच्या जवळ. इतका योगायोग विरळा. तेव्हा येथे काही कारण असावे असा संशय घेण्यास जागा आहे. आज गणकयंत्रे हजारो गावांसाठी हीच चिठ्ठ्यांची उलथापालथ हजारो वेळा करतात, तत्त्व हेच. गेटिस आणि ऑर्ड यांनी १९९२ साली व ल्यूक अ‍ॅन्सेलिन यांनी १९९५ साली याच विचाराची स्थानिक मापे दिली. त्यांच्या योगाने साऱ्या प्रदेशाच्या एका आकड्यावर न थांबता नेमका कोणता पुंजका तापलेला आहे, हे दाखवता येते.

याच आठ गावांवरून आणखी एक इशारा घेता येतो. सोयीसाठी दोन दोन गावांचे एक मंडळ केले असे समजा. पहिल्या प्रकारात मंडळांचे आकडे येतील ४०, ४०, २०, २०. दुसऱ्या प्रकारात ३०, ३०, ३०, ३०. सारा फरक नाहीसा! धूर होता तेथेच आहे, सीमा तेवढी बदलली. म्हणून तालुक्याचा आकडा हाती आला की जपावे. बारामती तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकरकडचा मुख्यतः जिरायत भाग आणि नीरेकाठचा बागायत पट्टा एकाच सरासरीत मिसळतात. ती सरासरी मोरगावाचीही नसते आणि वडगाव निंबाळकरचीही नसते. इंदापुरात दक्षिणेस नीरेचा पट्टा, उत्तरेस उजनीचा फुगवटा, आणि मधली राने निराळीच. तालुका ही राज्यकारभाराची चौकट आहे; पाणी, माती आणि जाळ तिला विचारून पसरत नाहीत.

शेजारी शेजाऱ्यासारखा असतो, या गोष्टीचा एक उलटा परिणामही आहे. एकाच पाळीने भिजलेल्या आणि एकाच टोळीने तोडलेल्या शंभर रानांची पाहणी केली, म्हणजे शंभर स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे होत नाही. ती पुष्कळशी एकच साक्ष शंभरदा ऐकल्यासारखी असते. तेव्हा पाहणीची राने दूरदूर विखुरलेली हवीत. शेतातली मोजणी किती फसवी असते हे साताऱ्याच्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवरून दाखवून दिले. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची ताटे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, कारण लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानाने कड जास्त असते. धूर मोजणाऱ्यांनीही हा धडा गाठीशी बांधावा.

कोणी म्हणेल, आता आकाशातून उपग्रह पाहतात, मग चिठ्ठ्या आणि नमुने कशाला? उपग्रहांची मदत मोठी आहे, यात शंका नाही. २०११ पासून फिरणाऱ्या एका उपग्रहावरील यंत्र ३७५ मीटरांच्या चौकटीत जाळ ओळखते. ही चौकट सुमारे ३५ एकरांची. आपल्याकडच्या धारणा एक-दोन एकरांच्या. तेव्हा जाळ दिसला तरी बांध कोणाचा हे कळत नाही. शिवाय तो उपग्रह दुपारी व रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. पाचट पुष्कळदा संध्याकाळी, वारा पडल्यावर पेटवतात, आणि तासाभरात सारे विझते. उपग्रहाच्या वहीत ते रान स्वच्छ राहते. जे नोंदले गेले नाही ते घडले नाही, असे मानणे ही आकडेशास्त्रातली सर्वांत जुनी चूक आहे.

आता नकाशावर एक तापलेला पुंजका खरोखरच दिसला असे धरा. तेथील शेतकरी बेजबाबदार, हा निष्कर्ष काढण्यास कोणी विलंब लावणार नाही. आमचे म्हणणे, येथेच थांबावे. पुंजका दोष सांगत नाही; प्रश्न कोठे विचारावा ते सांगतो. कदाचित तेथे तोडणी उशिरा आली असेल आणि खोडव्याला पाणी देण्याची घाई असेल. कदाचित पाचटाची कुट्टी करणारे यंत्र त्या बाजूला मिळतच नसेल. कदाचित पाचट सरीत ठेवले तर उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, असा अनुभव एका शेजाऱ्याने दुसऱ्यास सांगितला असेल. कारण सवयीही कालव्याच्या पाण्यासारख्या बांधावरून बांधाकडे जातात. पहिल्या कारणास पाळीपत्रक हा उपाय, दुसऱ्यास यंत्र, तिसऱ्यास एका चांगल्या रानाचे प्रात्यक्षिक. तिन्ही ठिकाणी दंडाची एकच नोटीस पाठवली तर तिन्ही ठिकाणी ती वाया जाईल. आणि पुढल्या वर्षी शेतकरी खरे सांगणार नाही, हा तोटा वेगळाच. खताच्या बाबतीतही हेच. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रह, जमिनीतली संवेदक यंत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साह्याने उसाला जागेनुसार पाणी व खत देण्याचे प्रयोग हाती घेतले आहेत. न दिसणारा धूर कमी करण्याची वाट त्याच दिशेने जाते.

अखेरीस एक व्यवहाराची गोष्ट. असा नकाशा काढण्यास परदेशी विद्यापीठाची वाट पाहावी लागेल, असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागात उसाची नोंद असते: कोणाचे रान, गट नंबर कोणता, जात कोणती, लागण कधी, तोड कधी. अर्धा नकाशा त्या दप्तरात आधीच आहे. त्यात तीन रकाने वाढवावे लागतील: पाचट पेटवले की ठेवले, युरियाची किती पोती पडली, आणि पंप किती तास चालला. हे रकाने कोणाचे नाव चव्हाट्यावर आणण्यासाठी नव्हेत, हे आरंभीच ठरवून सांगितले पाहिजे. तसे सांगितले आणि पाळले, तरच ते खरे भरले जातील. मग गावोगावचे आकडे शेजारशेजारी मांडावे, चिठ्ठ्यांची परीक्षा करावी, आणि जेथे पुंजका दिसेल तेथे एका संध्याकाळी जाऊन बांधावर बसावे. दप्तर सांगू शकत नाही ते त्या बांधावर बसणाऱ्यास ऐकू येईल. पुढल्या हंगामात बॉयलर पेटेल तेव्हा निदान एका गटात तरी ही वही उघडलेली असावी, एवढीच आमची या सभेस विनंती आहे.